माजघरात कॅमेरा नको

चि. अनिकेत यास,


दादा आणि वहिनी आता घरात दोघंच, तू बेंगळुरूला. घराला कॅमेरे लावावेत असं तुझ्या मनात आलं, ते बरंच झालं. तू पाठवलेली यादी वाचली. चार कॅमेरे, सगळे आठ मेगापिक्सेलचे, त्यातला एक माजघरात. खरेदीआधी एवढं ठरव की कुठल्या जागी आलेला माणूस तुला चेहऱ्याने ओळखू यायला हवा. ते ठरलं की यादी आपोआप आखूड होईल.

चेहरा खात्रीने ओळखायचा तर चित्रात मीटरभर रुंदीला साधारण २५० पिक्सेल पडावे लागतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. त्याला २.८ मिलिमीटरची लेन्स असेल तर सगळं अंगण दिसतं, पण तीनेक मीटरच्या पलीकडचा माणूस कोण ते कळत नाही. सहा मिलिमीटरची लेन्स घे, दृश्य अरुंद होईल, पण सात-आठ मीटरवरचा चेहरा ओळखता येईल. म्हणून बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे, रोखलेला कॅमेरा सहाचा आणि पडवीतला २.८ चा, असे दोन पुरेत. मेगापिक्सेल वाढवून तपशील वाढतो हे खरं, पण तेवढ्याच सेन्सरवर जास्त पिक्सेल बसवले की रात्री प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो, आणि आपल्याला काळजी रात्रीचीच आहे. कॅमेरा अडीच मीटरच्या फार वर नको. वाशाला टांगला तर येणाऱ्याचं फक्त डोकं दिसतं.

डब्यावर आयपी ६७, म्हणजे आत पाणी शिरत नाही, असं लिहिलेलं असलं तरी ते कॅमेऱ्यापुरतं. वायरचा जोड त्यात धरलेला नसतो. कोकणातला पाऊस नेमका त्या जोडातून आत जातो. जोड बंद डबीत घ्यायला सांग आणि वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर वळवायला लाव, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी गळून जाईल. दुसरा त्रास कोळ्यांचा. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि काचेसमोर जाळं विणतो. एकच धागा, पण दिव्याच्या झोतात तो जाड पांढऱ्या दोरीसारखा चमकतो आणि मागचं अंगण काळंकुट्ट होतं. पंधरवड्यातून एकदा लांब दांड्याच्या कुंचल्याने तो पुसायला हवा. ते काम कोण करणार, हेही आधी बोलून घे.

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने सतत नोंद करत असेल तर दिवसाला साधारण २२ जीबी भरतात. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसही पुरत नाही. दोन कॅमेऱ्यांना एक टीबीची हार्ड डिस्क घेतलीस तर तीन आठवडे मिळतील. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर पहिल्यांदा तोच उचलतो. माळ्यावरच्या कुलूपबंद कपाटात ठेवा, आणि त्याला नि राउटरला यूपीएस द्या, कारण आपल्याकडे पावसाळी रात्री वीज गेलेलीच असते.

पासवर्डबाबत हयगय नको. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. बसवणारा मुलगा निघून गेला की पासवर्ड तू स्वतः बदल. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून बीआयएस नोंदणीसाठी कॅमेऱ्यांच्या सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. ती झालेलंच मॉडेल घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता माजघराचं. तिथे कॅमेरा लावू नकोस. वहिनी दुपारी तिथेच चटईवर पडते, दादा उघड्या अंगाने वावरतो, दोघं भांडतात तेही तिथेच. मुलगा बघतोय म्हटल्यावर वहिनी स्वतःच्या घरात पदर सावरून बसेल, आणि तुला बरं वाटावं म्हणून तोंडाने ‘चालेल’ म्हणेल. तिचं ‘चालेल’ तू ओळखतोस. एकत्र राहत्या घरात दुसऱ्या रहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, हा कोलकाता उच्च न्यायालयाचा निर्णय २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. तो खटला दोन भावांचा होता. आईवडिलांच्या बाबतीत तर तू कोर्टाची वाट पाहू नयेस. त्याच न्यायाने पडवीतला कॅमेरा चुलत काकूंच्या मागील दाराकडे वळता कामा नये.

ती दोघं पडतील अशी भीती तुला वाटते, ती मलाही वाटते. पण कॅमेरा पडलेल्याला उचलत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसव, मागच्या पायरीवर रात्रभर दिवा राहू दे, काकूंकडे एक किल्ली ठेव आणि रोज सकाळी आठला फोन कर.

गणपतीला येशील तेव्हाच हे काम उरकून घे. अंधार पडल्यावर अंगणातला दिवा मालवून तू बेड्यापाशी उभा राहा. दादाला घरात मोबाईलवर बघायला सांग, पण बाहेर कोण आहे ते सांगू नकोस. त्याने तुला ओळखलं नाही तर लेन्स बदलून घे, आणि बसवणाऱ्याचे पूर्ण पैसे त्यानंतरच चुकते कर.

तुझा,
काका