गॅलरीतले पक्षी आणि आपले कान

पक्षी पाहायचे म्हणजे भिगवण गाठायला हवे, गळ्यात दुर्बीण हवी, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या नगरीत कावळे-कबुतरांखेरीज काय दिसणार, असेही रुग्ण मला विचारतात.

झोप लागत नाही, छातीत धडधडते, पण कार्डिओग्राम, रक्तदाब, साखर सर्व ठीक, अशांची संख्या आमच्याकडे मोठी आहे. त्यांत तीन पाळ्यांत काम करणारे आणि नुकतेच निवृत्त झालेले अधिक. त्यांना मी इतर उपचारांबरोबर एक गोष्ट सांगतो. सकाळचा चहा टीव्हीसमोर न घेता गॅलरीत घ्या आणि पंधरा मिनिटे गप्प बसा. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

जास्वंदाची एक कुंडी असली तरी शिंजीर येतो. अंगठ्याएवढा जीव, पण क्षणभर स्थिर नाही. विणीच्या दिवसांत नर लांबून काळा वाटतो. ऊन पडले की जांभळा-निळा चमकतो. विणीनंतर तो रंग जातो आणि मादीसारख्या फिक्या पिवळ्या अंगावर गळ्यापासून एक गडद पट्टा तेवढा राहतो. उन्हाळ्यात पिंपळा-उंबरावरून तांबटाचे टुक-टुक सुरू होते, जणू कोणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारत आहे. दयाळ उजाडण्यापूर्वीच गाऊ लागतो. थंडीत मोकळ्या मैदानावर शेपटी वरखाली हलवत पळणारा धोबी उत्तरेकडून इथे आलेला पाहुणा असतो.

याने खरेच बरे वाटते का? लंडनच्या किंग्ज कॉलेजने 1292 लोकांकडून मोबाइलवर दिवसातून अनेकदा नोंदी घेतल्या आणि 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पक्षी दिसले वा ऐकू आले, तेव्हा मन अधिक प्रसन्न असे आणि तो परिणाम काही तास टिके. नैराश्य असलेल्यांतही हेच आढळले.

भोसरीच्या एका प्रेसशॉपमधून निवृत्त झालेले एक काका हा उपाय मनापासून करू लागले. नातीबरोबर वहीत नोंदीही ठेवू लागले. एकदा त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, शिंजीर मुका असतो का हो? नात म्हणते ओरडतोय, मला तर नुसती चोच हललेली दिसते." तांबट मात्र त्यांना लांबूनही ऐकू येत होता.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. यंत्रांच्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा प्रथम बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास ही खोट सुरू होते. शिंजिराची चिवचिव उंच पट्टीची, तांबटाचा आवाज खालच्या पट्टीचा. समोरासमोर बोलणे नीट कळत असल्याने माणसाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. काकांची ऑडिओमेट्री केली, दोन्ही कानांत तीच खोट निघाली. आतल्या कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे यावर औषध नाही. श्रवणयंत्राचा उपयोग होतो. त्यांचा मुलगाही प्रेसवरच आहे. त्याचे कान अजून वाचवण्यासारखे होते, म्हणून त्यालाही बोलावून घेतले.

रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला धोका असतो. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, तिथे आवाज तेवढा आहे असे समजावे. कानातले बोळे खिशात नव्हे, कानात हवेत आणि वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत. आवाजाने येणारे बहिरेपण कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, हे कामगारांनी लक्षात ठेवावे. (दुर्गा टेकडीवर मोठ्याने गाणी कानात घालून फिरणाऱ्या तरुणांनाही हे लागू आहे.)

पक्ष्यांसाठी मातीच्या पसरट भांड्यात पाणी जरूर ठेवा. पण ते रोज ओता आणि भांडे आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. कबुतरांना दाणे मात्र टाकू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्याने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. गॅलरीतील विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, नाकाला मास्क लावा, मग पुसून काढा.