आभासी यंत्रे आणि लहान कार्यप्रणाली : एक अभ्यास

संगणकाची शक्ती वाढत गेली, तसतशी त्याची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, अवजड होत गेली. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्ही या वाटचालीकडे पाहतो, तेव्हा उलट दिशेने झालेला एक प्रयत्न आमचे लक्ष वेधून घेतो.

1960च्या दशकात संगणक दालन व्यापणारा व अत्यंत महाग होता. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी कसे वापरावे, हा त्या काळचा मोठा प्रश्न. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कामाची विभागणी करून सोडविला. जानेवारी 1967 मध्ये वापरात आलेला त्यांचा सीपी-40 हा नियंत्रक एका संगणकातून 14 आभासी यंत्रे निर्माण करी. संपूर्ण संगणक आपलाच आहे, असे प्रत्येक वापरकर्त्यास भासे. त्या आभासी यंत्रात सीएमएस ही छोटी कार्यप्रणाली चाले. ती एकाच व्यक्तीपुरती होती. वेळेची वाटणी आणि परस्परांपासून संरक्षण ही कामे खालचा नियंत्रक करीत असल्याने ती साधी राहू शकली. 1972 मध्ये व्हीएम/370 आले; त्यातील सीएमएस तर प्रत्यक्ष यंत्रावर स्वतंत्रपणे चालतच नसे.

पुढे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात हाच विचार नव्या रूपात दिसला. तेथे 2003 मध्ये झेन हा नियंत्रक पुढे आला आणि 2013 मध्ये तेथील संशोधकांनी मिराजओएसवरील शोधनिबंधात ‘युनिकर्नेल’ची कल्पना मांडली. यात एक अनुप्रयोग आणि त्याला आवश्यक तेवढेच भाग एकत्र बांधले जातात. बाकी सारे वगळले जाते. परिणामी ते अल्प स्मृतीत मावते, झटपट सुरू होते आणि हल्लेखोराच्या हाती लागेल असे त्यात फारसे उरत नाही.

मात्र याची किंमतही आहे. वगळलेल्या भागांबरोबर दोष शोधण्याची नेहमीची साधनेही जातात. शिवाय अनुप्रयोग व कार्यप्रणाली यांच्यामधील भिंत उरत नाही. सारी भिस्त खालच्या नियंत्रकावर राहते. त्यालाच खिंडार पडले, तर त्यावरील सर्व यंत्रे धोक्यात येतात.

संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी म्हणूनच कोणतीही ‘हलकी’ प्रणाली निवडताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : यातून काय वगळले आहे? आणि ते काम आता कोण करीत आहे?