रिमोटचा पट्टा घेण्याआधी

मोबाइलवरून मागवलं की थेट शेतातल्या घरापर्यंत पोचणाऱ्या वस्तूंमध्ये आता कुत्र्याचा करंटचा पट्टाही आला आहे. माणसाच्या हातात रिमोट, कुत्र्याच्या गळ्यात छोटी डबी. बटण दाबलं की डबीच्या दोन धातूच्या टोकांमधून मानेला झटका बसतो. आमच्या शहादा तालुक्यात मी तो काही मळ्यांवर पाहिला. थोरल्या भावाने आपल्या वाघ्यासाठी मागवला तेव्हा त्याचे परिणाम रोज डोळ्यांसमोर होते, म्हणून हे लिहितो आहे.

भावाची अडचण खरी होती. वाघ्या रात्री राखणीला उत्तम, पण दिवसा बांधावरून शेळ्या गेल्या की त्यांच्या मागे सुटायचा. शेजाऱ्यांशी बोलाचाली व्हायची. पट्टा आला, वाघ्या शेळ्यांकडे धावला की भाऊ बटण दाबू लागला, आणि पहिल्या काही दिवसांत वाघ्या थांबलाही. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो.

मग एके दिवशी झटका बसला त्याच क्षणी शेळ्यांमागून एक लहान पोरगा पळत आला. वाघ्याने शेळीकडे पाहिलंच नाही, त्याला दिसला तो पोरगा. त्या दिवसापासून पोरं दिसली की तो दात दाखवू लागला. ज्या कुत्र्याच्या अंगावर आमची मुलं लोळायची, त्याच्यापासून त्यांना लांब ठेवायची वेळ आली. शेजारचे एक म्हातारे बाबा हे पाहून म्हणाले, "त्याले काय माहीत, कोण मारी ऱ्हायना ते?" या पट्ट्याबद्दल इतकं नेमकं मी दुसरं काही ऐकलेलं नाही. वेदना कुठून आली हे कुत्र्याला कळत नाही. त्या क्षणी समोर जे असेल, त्याच्याशी तो ती जोडतो.

पट्ट्याच्या खोक्यावर छापलेली वैशिष्ट्यं याच नजरेने वाचावीत. बहुतेक पट्ट्यांत तीन गोष्टी असतात: बीपचा आवाज, मोबाइलसारखं कंपन आणि झटका. झटक्याला पातळ्या असतात, काहींत थेट शंभरपर्यंत. पण एका कंपनीची वीस आणि दुसरीची वीस यांचा ताळमेळ नसतो. शिवाय तोच आकडा दाट केसांच्या कोरड्या मानेवर वेगळा लागतो आणि पावसात भिजलेल्या मानेवर वेगळा. बटण दाबून धरलं तर काही सेकंदांनी झटका आपोआप बंद होण्याची सोय चांगल्या पट्ट्यात असते, स्वस्तात ती असेलच असं नाही. रिमोटला लॉक नसेल तर तो खिशातच दाबला जातो. एकाच रिमोटवर दोन कुत्रे चालवता येतात, ही सोय म्हणून सांगतात. घाईत चुकीचा कुत्रा निवडला गेला तर निजलेल्या जनावराला झटका बसतो.

सर्वांत फसवा आकडा पल्ल्याचा. तीनशे मीटर, आठशे मीटर असं लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं. उभ्या उसात संदेश तेवढा जात नाही. कुत्रा उसात शिरला, बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणून माणूस पातळी वाढवत जातो. कुत्रा शहाण्यासारखा मालकाकडे परत यायला लागतो आणि नेमका तेव्हा पल्ल्यात येऊन त्याला मोठा झटका बसतो. म्हणजे शिक्षा झाली ती परत येण्याची.

मानेच्या जखमांबद्दल आमचाही गैरसमज होता. पावसाळ्यात वाघ्याच्या गळ्यावर दोन लाल व्रण दिसले तेव्हा करंटने भाजलं असं वाटलं. पशुवैद्यकांनी सांगितलं की टोकं तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिली की कातडी कुजते, झटका दिला नाही तरीही. ओलाव्यात हे लवकर होतं, माशा बसतात, किडे पडतात. पट्टा दिवसभर बांधून ठेवायची वस्तू नाही. रात्री तर नाहीच.

झटका नेमका वेळेवर दिला तर चालेल ना, असं पुष्कळजण विचारतात. जर्मनीत हॅनोवरला बीगल कुत्र्यांवर याचा अभ्यास झाला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. भक्ष्यासारख्या वस्तूला तोंड लावताच ज्यांना झटका मिळाला, त्यांच्यापेक्षा अवचित झटके मिळालेल्या कुत्र्यांमध्ये ताणाचं संप्रेरक कितीतरी जास्त वाढलं. हाक न ऐकल्याबद्दल झटका मिळालेल्यांचाही ताण वाढलाच. नेमक्या क्षणी झटका देण्याची ही प्रयोगातली अचूकता शंभर पावलांवरून, उसाच्या कडेला उभं राहून, रागावलेल्या माणसाला साधत नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाने 2014 मध्ये 63 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवी प्रशिक्षकांच्या हातूनही झटक्याचा पट्टा खाऊ देऊन शिकवण्यापेक्षा सरस ठरला नाही. वेल्समध्ये तर 2010 पासून कुत्र्या-मांजरांवर असा पट्टा वापरणं गुन्हा आहे. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. जनावराला विनाकारण वेदना देणं हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, हे पट्टा मागवताना लक्षात असू द्या.

भुंकणं थांबवणारा पट्टा हा याचाच दुसरा प्रकार. त्याला रिमोट लागत नाही, घशाच्या कंपाने किंवा आवाजाने तो आपोआप झटका देतो. केवळ आवाजावर चालणारा असेल तर शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानेही देतो. शहरातल्या फ्लॅटचा विचार करून निघालेली ही वस्तू आपल्याकडे मळ्यावर वापरणं मला धोक्याचं वाटतं. शहादा-तळोदा पट्ट्यात बिबट्या उसात मुक्काम करतो, त्याने माणसांवर हल्ले केले आहेत. रात्री कुत्रा भुंकतो म्हणून आपण कंदील-बॅटरी घेऊन सावध होतो. त्याचा आवाज बंद करून काय मिळवायचं? हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून वाचावा म्हणून कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. गळ्यात काही बांधायचंच तर ते कुत्र्याच्या रक्षणासाठी असावं.

सगळीच यंत्रं टाकाऊ आहेत असं नाही. बहिऱ्या कुत्र्याला नुसत्या कंपनाची खूण शिकवता येते: कंपन झालं की मालकाकडे यायचं, आलं की घास मिळतो. मात्र कंपनालाही काही कुत्री दचकतात, तशी दिसली तर तेही सोडून द्यावं. हरवलेलं जनावर शोधायला जीपीएसचा पट्टा उपयोगी आहे. त्यातले सिमवर चालणारे धडगावच्या डोंगरात, जिथे नेटवर्क नाही तिथे, कामाचे नाहीत.

वाघ्याचा पट्टा काढल्यावर आम्ही साधा लांब दोर घेतला. शेळ्या दूर असतानाच त्याला नावाने हाक मारायची, तो वळला की लगेच भाकरीचा तुकडा. अंतर हळूहळू कमी केलं. शेळ्या बांधावरून जायच्या वेळी तो दोराला असायचा, म्हणजे धावायची सवय मुरत नाही. याला महिने लागले. शेळ्यांचं जमलं. पोरांबद्दलची धास्ती मात्र पूर्ण गेलेली नाही, ओळखीची मुलंही आम्ही मोठं माणूस सोबत असतानाच त्याच्याजवळ जाऊ देतो. आपल्याकडचे ठेलारी मेंढपाळ कुत्र्यांची पिल्लं मेंढ्यांतच वाढवतात. पिल्लू घेतलं की पहिल्या महिन्यांतच त्याला शेळ्या, वासरं, कोंबड्या, पोरं यांची शांतपणे ओळख करून दिली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

कुणाच्या घरी हा पट्टा आधीच आला असेल, तर झटक्याचं बटण वापरू नका, रिमोट मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि आज संध्याकाळी कुत्र्याच्या मानेवरचे केस बाजूला करून कातडी तपासा. व्रण दिसला तर पट्टा काढून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. कुत्रा एकाएकी माणसांवर गुरगुरू लागला असेल, तर तेही तिथेच सांगा, आणि त्याची रेबीजची लस झाली आहे की नाही ते त्याच दिवशी पाहून घ्या.