अठरा पूर्ण झाली, आता पोटगी बंद?

प्रश्न : घटस्फोटानंतर मुलगी माझ्याकडे असते. ती १९ वर्षांची, इंजिनिअरिंगला आहे. ‘सज्ञान झाली, आता पैसे नाहीत,’ असं तिचे वडील म्हणतात. आम्ही हिंदू आहोत.

उत्तर : त्यांचं म्हणणं अर्धवट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली सज्ञान अपत्याला पोटगी मिळते, ती अपंगत्वामुळे कमावता येत नसेल तरच. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल, तर वडिलांची जबाबदारी कायम राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अभिलाषा खटल्यात हेच सांगितलं. निर्वाहात शिक्षणखर्चही येतो. अर्ज कौटुंबिक न्यायालयात, मुलीच्याच नावाने करा, फीच्या पावत्या जोडा.