न सांगता कळायला हवं?

"डॉक्टर, छातीत धडधडतं. जिना चढले की दम लागतो." गेल्या पावसाळ्यात पंचविशीतील एक विवाहिता ही तक्रार घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) लग्नाला जेमतेम आठ महिने झालेले. अशा वेळी आधी दिवस गेल्याची शंका येते, पण तसे नव्हते. नाडी मिनिटाला 104. ई.सी.जी.त वेग सोडला तर दोष नाही, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन मात्र 8.8 निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते किमान 12 असावे. रक्त कमी असले की हृदयाची धावपळ वाढते. म्हणून वाचकहो, धडधडीला 'टेन्शन' म्हणून उडवून लावण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

लोहाच्या गोळ्या लिहून देता देता विचारले, "जेवण व्यवस्थित आहे ना?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "दोन महिने झाले, मी रात्री जेवतच नाही. ह्यांच्या लक्षात येतं का, ते बघतेय."

मी पेन खाली ठेवले. पती कारखान्यात दुसऱ्या पाळीला. घरी यायला रात्रीचे साडेअकरा. झाकून ठेवलेले ताट घ्यायचे, जेवायचे, झोपायचे. व्यसन नाही, भांडण नाही, हात उगारणे नाही. हे सारे मी खोदून खोदून विचारले.

"मग त्यांना सांगितलंस का?"

"सांगावं लागलं तर त्यात प्रेम कसलं, डॉक्टर?"

हा धडा ती कोणत्या शाळेत शिकली ते मला लगेच कळले, कारण मीही तिथलाच विद्यार्थी. 1995 साली 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला तेव्हा मी इंटर्नशिप करीत होतो. नाइट ड्यूटी बदलून घेऊन आम्ही तो पाहिला. निरोप घेऊन नायिका निघते आणि नायक मनाशी ठरवतो, हिचे प्रेम असेल तर ही मागे वळून पाहील. ती वळते. थिएटर शिट्ट्यांनी दणाणले होते! विचारायचे नाही, सांगायचे नाही. गुपचूप परीक्षा घ्यायची आणि समोरच्याने ती पास व्हायची. पडद्यावर हे जमते, कारण प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही एकच लेखक लिहितो. शेवटी गाडी सुटते आणि चित्रपट संपतो. दुसऱ्या दिवशीचे दूध, भाडे आणि सासूबाईंचा उपवास दाखवायची वेळच येत नाही. माझ्या घरात मात्र कोणी आपण होऊन मागे वळून पाहिल्याचे स्मरत नाही. हाक मारावी लागते, कधी दोनदा.

एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातील संशोधकांनी 1995 ते 2005 या काळातील 40 गाजलेले प्रेमपट तपासले होते. 2008 मध्ये त्यांनी मांडले की, असे चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांमध्ये 'जोडीदाराला न सांगता कळले पाहिजे' ही समजूत जास्त आढळते. आता, चित्रपटामुळे समजूत झाली की तशा समजुतीची माणसेच असे चित्रपट पाहतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. शिवाय सगळेच चित्रपट एका माळेचे नसतात. 2016 च्या 'सैराट'मध्ये पळून गेलेल्या जोडप्याचा हैदराबादमधला संसार, पत्र्याची खोली, संशय, रुसवे हे सारे आहे. पण लोकांच्या ओठांवर राहिली ती पूर्वार्धातली गाणी.

मी तिला एवढेच म्हणालो, "तू परीक्षा घेते आहेस, पण परीक्षा आहे हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही. पुढच्या वेळी दोघं या."

दोघे आले. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच तिने सांगून टाकले. तो गडबडला. "मला वाटलं, ही आईबरोबर जेवून घेते. झोपलेली असायची, म्हणून उठवत नव्हतो." म्हणजे त्याचीही एक परीक्षा चालू होती: बायको उठून वाढते का! आवाज जरा चढले. मी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितले.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवली पाहिजे. मारहाण, पैशासाठी छळ, माहेरी बोलू न देणे, पाळत ठेवणे या गोष्टी असतील तर तो सिनेमाचा परिणाम नव्हे आणि 'अपेक्षा कमी कर' हा त्यावर सल्ला नव्हे. त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे. मन सतत उदास असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. पुरुषांनीही संकोच करू नये.

परवा ती पुन्हा तपासणीला आली. हिमोग्लोबिन 10.6, वजन दोन किलोने वाढलेले. आता संध्याकाळी सातला ती सासूबाईंबरोबर जेवते आणि तो आला की अर्धा कप दूध घेत त्याच्याजवळ बसते. "काही बोलतो का तो?" मी विचारले. "कारखान्यातलं सांगतात. फार कंटाळवाणं असतं हो!" ती हसत म्हणाली. गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या आहेत. लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही.