८५० रुपयांत आपल्या हाताची सुरी: कमी बजेटमध्ये हत्यार बनवून कसं घ्यायचं?



व्हिडिओमध्ये मी माझी फणस कापायची सुरी दाखवली होती. त्यात सगळा हिशोब मांडायला वेळ मिळाला नाही, म्हणून आज तो इथे सविस्तर लिहिते. तुम्ही चिकनचं दुकान टाकणार असाल, शहाळ्यांची गाडी लावणार असाल, केटरिंग किंवा मासळी सुरू करणार असाल, तरी हा धडा तुमच्या कामाचा आहे. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक

जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. माझं आधीचं दुकान त्यात गेलं. २०२२ च्या जानेवारीत मी चिरलेल्या भाज्यांचं छोटं दुकान सुरू केलं, तेव्हा हातात भांडवल फारच कमी होतं. वजनकाटा घेतला, फ्रीज जुना घेतला आणि सुरी घेतली २५० रुपयांची. चकचकीत पातं, रंगीत प्लास्टिकची मूठ. म्हटलं, सुरी ती सुरी, त्यात काय बघायचं?

पाच महिन्यांत तशा तीन सुऱ्या झाल्या. तिसरी वापरात असताना वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. आपल्याकडे त्या दिवसांत फणसाला किती मागणी असते, वेगळं सांगायला नको. आमच्याकडे कामाला असलेल्या ताई कच्चा फणस कापत होत्या. पातळ पातं फणसात अडकलं, त्यांनी जोर लावला आणि मूठ हातातच फिरली. अंगठ्याला पाच टाके पडले. आठ दिवस त्यांचं काम बंद. निम्म्या ऑर्डर मी फोन करून रद्द केल्या. औषधपाण्याचा खर्च मी दिला, पण त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या सासूबाईंसमोर उभं राहणं जास्त जड गेलं. बीबीएला कॉस्टिंग शिकलेली मी, आणि दिवसभर हातात असणाऱ्या हत्याराचंच कॉस्टिंग केलं नव्हतं.

धडा १: किंमत बघू नका, रोजचा खर्च काढा

तीन सुऱ्यांचे ७५० रुपये, साधारण १५० दिवस. म्हणजे दिवसाला ५ रुपये. टाके आणि बुडालेल्या ऑर्डर यात धरलेल्याच नाहीत.

आता बनवून घेतलेल्या सुरीचा हिशोब:

- गाडीच्या पाट्याचा तुकडा: १२० रुपये
- लोहाराची मजुरी: ५०० रुपये
- लाकडी मूठ आणि रिवेट: १३० रुपये
- जाण्यायेण्याचा खर्च: १०० रुपये
- एकूण: ८५० रुपये

तीन वर्षं झाली, सुरी अजून कामात आहे. मध्ये एकदा मूठ बदलली, त्याचे १०० रुपये. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर ९०० दिवसांत ९५० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण एक रुपया. सांगा, स्वस्त कोणती?

धडा २: बनवून घेणं ही श्रीमंतांची गोष्ट नाही

शहरात छंद म्हणून सुऱ्या बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्या कामाची किंमत हजारांत जाते. म्हणून आपल्याला वाटतं, बनवून घेणं म्हणजे महागच. पण आपल्या भागात हत्यार बनवून घेणं हीच जुनी रीत आहे. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे विळे, कोयते, नांगराचे फाळ तो करायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. आजही पावसाळ्याच्या तोंडावर घिसाडी कुटुंबं रस्त्याकडेला भट्टी लावतात, नवरा-बायको मिळून घण मारतात आणि समोर उभं राहून आपण कोयता करून घेतो.

माझी सुरी पोलादपूरच्या बाजूच्या एका वाडीतल्या लोहारकाकांनी केली. कच्चा माल हायवेवरच मिळतो. ट्रक-टेम्पोचे तुटलेले कमानपाटे गॅरेजवाले आणि भंगारवाले किलोवर विकतात.

धडा ३: लोहाराकडे जाण्याआधी अर्धं काम तुमचं

"काका, एक चांगली सुरी करून द्या," असं सांगून काही होत नाही. चांगली म्हणजे कशासाठी? हे लिहून न्या:

१. काम: फणस, नारळ, हाडं की पालेभाजी? एकच सुरी सगळ्याला चालत नाही. दिवसात जे काम सर्वांत जास्त, त्यासाठीच बनवा.

२. माप: माझं पातं ८ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, पाठीला ४ मिलिमीटर जाड. पालेभाजीला २ मिलिमीटर पुरे झाली असती. माप सांगताना एक लक्षात ठेवा. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं सोडून, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. कामापुरतंच माप ठेवा आणि सुरी दुकानातच ठेवा. उगाच सोबत घेऊन फिरू नका.

३. हात: ज्याच्या हातात ती दिवसभर असणार, त्याचा हात मोजा. माझ्या नाही, ताईंच्या हाताच्या मापाने मूठ झाली.

४. नमुना: जाड पुठ्ठ्यावर सुरी काढून कापा आणि तो पुठ्ठा लोहाराला द्या. बोलण्यात घोळ होतो, पुठ्ठ्यात होत नाही.

धडा ४: पैसे कुठे घालायचे?

तीन गोष्टींवर पैसे वाचवायचे नाहीत.

लोखंड. खिडकीच्या गजाचं साधं लोखंड कितीही घासा, धार टिकत नाही, कारण त्यात कार्बन पाव टक्क्यापेक्षा कमी असतो. कमानपाट्यात तो साधारण अर्धा ते ०.६ टक्का असतो, म्हणून तो कडक होतो. ओळखायचं कसं? ग्राइंडरला लावून बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुलासारख्या फुटतात. पाट्यावर बारीक तडा असेल तर तो तुकडा घेऊ नका, तडा सुरीतही येतो.

पाणी देणं. सुरीचा जीव इथे असतो. पातं लालबुंद तापवतात. साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटायचं थांबतं, त्याच्याही थोडं वर नेऊन पातं बुडवतात. पाट्याच्या पोलादाला बऱ्याचदा तेल बरं, पाण्यात ते तडकू शकतं. बुडवल्यावर पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा दोन-सव्वादोनशे अंशांपर्यंत हलकं तापवावं लागतं. घासलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग आला की झालं. हे दुसऱ्यांदा तापवणं वगळलं, तर सुरी पहिल्या दिवशी झकास कापते आणि नंतर धारेचे तुकडे उडतात.

मूठ. पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं हवं, दोन्ही बाजूंना लाकूड आणि तीन रिवेट. ताईंचा अंगठा कापला तो इथेच कसर केल्यामुळे.

आणि वाचवायचं कुठे? पॉलिशवर, नक्षीवर, नाव कोरण्यावर, चामड्याच्या म्यानावर. माझ्या सुरीच्या पाठीवर हातोड्याचे डाग अजून दिसतात. फणसाला त्याचं काही वाटत नाही!

धडा ५: घासाघीस कुठे थांबवायची?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग.

काकांनी मजुरी ५०० सांगितली. दुकानदाराची सवय, मी म्हटलं, "काका, चारशे घ्या ना."

ते चिडले नाहीत. भात्याकडे बघत म्हणाले, "चारशेत पण करीन ताई. पण मग दुसऱ्यांदा तापवणार नाही. तेवढा वेळ नि कोळसा मी कुठून आणू? सुरी दिसायला तशीच दिसंल."

दिसंल तशीच. मी गप्प बसले. पुरवठादाराला आपण आंधळेपणाने दाबलं, की तो जिथे आपल्याला दिसत नाही तिथेच कमी करतो. सगळे काकांसारखे आधी सांगत नाहीत. माझ्या २५० रुपयांच्या सुरीतही असंच कुणीतरी मुठीच्या आत कमी केलं असणार, आणि ते उघड झालं ताईंच्या अंगठ्यावर.

म्हणून नियम लिहून ठेवा: बजेट कमी असेल तर जे दिसतं ते कमी करा, जे दिसत नाही ते कधीच कमी करू नका. मी पाचशेच दिले, पण पॉलिश नको म्हटलं. त्यांचाही वेळ वाचला.

व्यवहाराच्या आणखी तीन गोष्टी:

- वेळ निवडा. मे अखेर ते जून लोहाराकडे शेतीच्या हत्यारांची गर्दी असते, आणि भातकापणीच्या तोंडावर विळे पाजवायची. कापणी उरकल्यावर जा. मी नोव्हेंबरमध्ये गेले.
- निम्मे पैसे आधी, निम्मे चाचणीनंतर. चाचणी तिथेच करा. नोव्हेंबरात फणस कुठला, मी सुरण आणि लाल भोपळा घेऊन गेले होते. धारेवर कानस हलकी फिरवून बघा. कडक धारेवरून ती घसरते, मऊ धारेला खाते.
- एकच बनवा. महिनाभर वापरा, मग दुसरी. माझ्या दुसऱ्या सुरीची मूठ ताईंच्या सांगण्यावरून थोडी जाड केली.

धडा ६: सांभाळली तरच स्वस्त

हे स्टेनलेस नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात रात्रभर ओली ठेवली, तर सकाळी गंज दिसतो. काम झालं की धुवा, पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. फणस कापताना पात्याला आणि हाताला आधीच तेल लावा, म्हणजे चीक चिकटत नाही. लिंबू, चिंच, कोकम यांनी पातं काळं पडतं. ते चालतं, पण लगेच पुसा. आठवड्याला पाच मिनिटं दगडावर धार लावा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

जाता जाता, काकांच्या धंद्याबद्दल

काकांना मी पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती दिली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात लोहारही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने. तुमच्या ओळखीत कुणी लोहार, सुतार, कुंभार असतील तर त्यांना नक्की सांगा. आपला कारागीर टिकला, तरच आपली सुरी पुन्हा पाजवून मिळेल.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यात रोज सर्वांत जास्त वेळ हातात असणारी वस्तू कोणती? सुरी, कात्री, झारा, तराजू, काहीही असो. तिची किंमत भागिले ती चाललेले दिवस, एवढा हिशोब काढा. मग ती वस्तू ज्याच्या हातात असते, त्याला विचारा, "यात तुला काय त्रास होतो?" मी हा प्रश्न ताईंना पाच महिने विचारला नव्हता. तुम्ही आजच विचारा.

भेटूया पुढच्या धड्यात.