पोटदुखी आणि मोबाईलमधला ग्रुप

परीक्षा जवळ आली की पोट दुखणारी मुले दवाखान्यात वाढतात, हे आम्हा डॉक्टरांना नवे नाही. अलीकडे मात्र परीक्षा नसतानाही आठवी ते बारावीची मुले येतात. पोट दुखते, डोके जड वाटते, झोप लागत नाही. तपासणीत काही सापडले नाही की मी मोबाईलची चौकशी करतो. पालक म्हणतात, "त्याचे इन्स्टाग्राम आम्ही रोज बघतो, काही वावगे नाही."

तिथे नसतेच! ते पान म्हणजे घराची ओसरी, आल्यागेल्याला दिसावी म्हणून सारवून ठेवलेली. खरे बोलणे चालते माजघरात, म्हणजे पाच-दहा जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये, किंवा इन्स्टाग्रामच्याच 'क्लोज फ्रेंड्स' यादीत. ही सोय २०१८ मध्ये आली. निवडलेल्यांनाच मजकूर दिसतो, काका-मामांना नाही.

असे ग्रुप वाईटच, असे मी म्हणणार नाही. पौगंडावस्थेत समवयस्कांजवळ मन मोकळे करणे ही वाढीची गरज आहे. आपणही पारावर बसून बोलतच होतो, ते काही वडिलांना विचारून नव्हे. जाहीर पानावर लाईक मोजत बसण्याची आणि दुसऱ्याच्या रूपाशी तुलना करण्याची जी धग असते, ती इथे कमी लागते.

पण इथे दुखावणारा ओळखीचा असतो. समजा, मैत्रिणींनी एका मुलीला वगळून नवा ग्रुप केला. जुन्या ग्रुपवर शुकशुकाट. कोणी वाईट शब्द लिहिलेला नाही, म्हणून तक्रार तरी कशाची करणार? मग रोज शाळेच्या वेळी पोटात कळ येते. ही कळ सोंग नव्हे. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते आणि दुखणे खरोखर जाणवते. "नाटके करू नकोस" म्हटले की ते वाढते.

लपूनछपून मोबाईल वाचू नये. मूल दुसरे खाते उघडते आणि घरातले बोलणे बंद होते. त्यापेक्षा जेवताना सहज विचारावे, "ग्रुपवर सध्या कोण कोण आहे?" रात्री सर्वांचे मोबाईल, आपलासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते.

जेवण तुटले, शाळा बुडू लागली किंवा मूल जिवाचे बरेवाईट बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य असून तिथे मराठीतही बोलता येते.